बेलाची आंघोळ

परभणीकडच्या काळ्या रानात जन्मलेल्या माणसाला देव जन्मासोबतच एक वैरी देऊन ठेवतो, आणि त्या वैऱ्याचं नाव हरळी. खांदून काढली तर ती तळाशी हातभर मुळी ठेवून जाते, उन्हात वाळत घातली तर पावसाळ्यात अंग झाडत उठते, आणि बांधावर फेकली तर बांध सोडून परत रानात येते. "आमच्या रानातली हरळी संपली," असं म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे कुणी उसनं जनावरसुद्धा देत नाही, कारण तो धडधडीत खोटं बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा मुलखात, वालूरच्या अलीकडच्या आमच्या गावात, माझ्या सख्ख्या काकानं घरापुढच्या चांगल्या वाफ्यातली मेथी उपटली आणि तिथं हरळी लावली. लावली म्हणजे आळी करून, मुळ्या ओळीत मांडून, वर झारीनं पाणी घालून लावली. मुळ्या मागायला तो शेजारच्या रानात गेला, तेव्हा शेजाऱ्यानं आधी त्याचं कपाळ हात लावून पाहिलं आणि मग म्हणाला, "न्या की. समदं रानच न्या. गाडी जुंपून देऊ का?"

काकाचं नाव बसलिंग, पण घरात तो बसूकाका. हडकुळा, उंच, सदा इस्त्रीच्या शेरवानीत, आणि मिशीला रोज सकाळी तुपाचं बोट. त्या वेळी निजामाचं राज्य होतं आणि बसूकाकाच्या आयुष्यात एकच इच्छा होती: जिंतूरच्या तहसिलीत पेशकाराची, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणाऱ्या कारकुनाची, खुर्ची. उर्दू त्याला चांगली यायची, अक्षर मोत्यासारखं होतं, पण वशिला नव्हता. वशिला नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून मानवतच्या पाहुण्यांनी पोरगी देतो म्हणून नुसतं लोंबकळत ठेवलेलं. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की नवे अव्वल तालुकदार साहेब, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, जिंतूरच्या दौऱ्यावर जाताना आपल्याच गावावरून मोटारीनं जाणार, आणि साहेबांना हिरवळीवर खुर्ची टाकून चहा प्यायचा फार शौक. बसूकाका हैदराबादला एकदाच गेला होता आणि तिथल्या बागेतली हिरवळ त्यानं कठड्याबाहेरून पाहिली होती. ती हिरवळ म्हणजे आपली हरळीच, फक्त शिकलेली, असं त्याचं मत झालं होतं. ते मत अगदीच चूक नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटे विहिरीवर मोटेच्या चाकाची कुरकुर, मग पाणी थारोळ्यात धबकन पडल्याचा आवाज, मग मायच्या जात्याची घरघर, आणि या सगळ्यांच्या वर गंगाआत्याचा आवाज. गंगाआत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, आणि बसूकाकाची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती एक पितळी डबा आणि बेलाचं रोपटं घेऊन. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घालत नसे. पण आत्याचा नेम त्याहून कडक होता: स्वतः लावलेल्या आणि स्वतः पाणी घालून वाढवलेल्या बेलाचंच पान लिंगाला वाहायचं, आणि मगच जेवायचं. गावात महादेवाच्या देवळामागं दुसरा बेल होता, पण तो "देवळाचा." अंगणातला बेल मात्र आत्याचा. तो चांगला दोन पुरुष उंच झाला होता. आत्याची पूजा आटोपली की ती चुलीपुढं बसायची. जवारीची गरम भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार आणि शेंगदाण्याची चटणी. तिचं जेवण बघूनच दुसऱ्याला भूक लागावी. भाकरी मोडायच्या तिच्या पद्धतीवरून आम्हाला तिचा मूड कळायचा. चार तुकडे केले तर दिवस चांगला. चुरा केला तर त्या दिवशी अप्पासुद्धा रानात जरा लवकर निघत.

तर हरळी लावली, पण ती हिरवी होईना. जिथं नको तिथं उगवायचं आणि हवी तिथं मान टाकायची, हा तिचा स्वभावच. झारीनं पाणी घातलं की माती वाहून जायची आणि मुळ्या उघड्या पडायच्या. बसूकाकानं चौकशी केली तेव्हा कळलं की साहेबलोकांच्या बागेत पाणी ओतत नाहीत, पाठीवर पंप घेऊन धुक्यासारखं उडवतात, आणि त्याच पंपानं औषधही मारतात. झालं. मानवतला एका लोखंडाच्या दुकानात असे पंप आलेत म्हणे. अप्पा, बसूकाका आणि मी, अशी वरात बैलगाडीतून निघाली. माझं जायचं कारण इतकंच, की मी मिडलच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो होतो आणि मला घरात ठेवलं की मायच्या डोळ्यांना पाणी येई.

दुकानात तीन पंप होते: एक रंगवलेल्या पत्र्याचा, एक तांब्याचा, एक पितळेचा. ते कधी चालताना कुणी पाहिले नव्हते, दुकानदारानंही नाही. अप्पांनी आयुष्यात बैल सोडून काही निवडलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी पंपही बैलासारखाच निवडायला घेतला. आधी लांबून पाहिला. मग मागं जाऊन पाहिला. मग पाठीवर थाप मारली आणि आवाज ऐकला. मग म्हणाले, "पानी पाजून दाखवा." घागरभर पाणी ओतलं. "आता चालवून दाखवा." दुकानदार म्हणाला, "अप्पा, हे सोता चालत न्हाई." मग पाण्यानं भरलेला एकेक पंप माझ्या पाठीवर बांधला आणि मला कापसाच्या वखारीपर्यंत नेऊन आणलं. अप्पा मागून माझी चाल बघत होते. पत्र्याचा हलका होता, पण त्याची शिवण पाझरत होती, आणि दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं की मोरचुदाचं औषध घातलं की पत्रा वर्षात खाऊन टाकतं. तांब्याचा सुरेख, पण पाठीशी नीट बसत नव्हता. मणक्यावर त्याची कड घासत होती. पितळेचा जड, पण पाठीकडची बाजू आत वळलेली, त्यामुळे पाठीला चिकटून बसे आणि पाणी हिंदकळलं तरी माणूस झोकांडत नसे. आज मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो: पंप हातात घेऊन निवडू नका, भरून पाठीवर घ्या आणि वखारीपर्यंत जाऊन या.

"ह्याच्या आत काय हाय?" अप्पांनी शेवटचा प्रश्न विचारला.

दुकानदारानं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, दांडा दोनदा वरखाली केला आणि म्हणाला, "आत? आत हवा हाय."

बसूकाकाला पितळेची चकाकी आवडली, कारण साहेबांच्या नजरेत भरेल. अप्पांना पितळ आवडलं ते वेगळ्या कारणानं. "पंप न्हाई चालला तर मोडीत तरी जाईल. न्हाईतर मन्मथच्या लग्नात आहेराची घागर करून टाकू," ते म्हणाले. मन्मथ म्हणजे मी. माझं भवितव्य त्या दिवसापासून त्या पंपाशी जोडलं गेलं.

घरी आल्यावर पहिला आक्षेप निघाला पट्ट्यांवर. पट्टे चामड्याचे होते आणि ते बरोबर छातीवरून, म्हणजे गळ्यातल्या लिंगावरून जात होते. मायनं काही न बोलता ते कापून टाकले आणि बाजेची रुंद नवार दुहेरी करून शिवली. ती खांद्याला चामड्यापेक्षा मऊ लागायची, हेही खरं. आत्या जवळ उभी राहून बघत होती. "आता कसं," ती म्हणाली. "पितळ आन् सूत. देवाला चालंल."

मग प्रश्न आला पाठीचा. बसूकाकानं पंप स्वतः घेतला, पण भरलेल्या पंपानं त्याला हळूहळू मागं ओढलं आणि तो शेरवानीसकट हरळीवर उताणा झाला. हात-पाय हवेत आणि नळीतून पाणी थेट मिशीवर. अप्पांची पाठ बरी होती, पण प्रतिष्ठा आड आली. आमचा गडी किसन तर पंपाला शिवायलाच तयार नव्हता. "मालक," तो म्हणाला, "माझ्या बापानं आन् म्या जलमभर हिला खांदून काढली. आता हिला पाठीवरून दूध पाजू? बाप सपनात यीऊन टाळकं फोडंल माझं." राहता राहिलो मी. देवानं जी बुद्धी मला डोक्यात दिली नव्हती ती सगळी पाठीत भरली होती. रुंद, सपाट, पाट मांडून जेवता येईल अशी पाठ. घरात माझा उपयोग काय, या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर मिळालं.

पंपाच्या खोक्यावर एक चित्र होतं. त्यात हॅट घातलेला एक गोरा माणूस हसत हसत द्राक्षवेलीवर फवारा मारत होता. खालचा मजकूर कुठल्या भाषेत आहे हे गावात कुणालाच ओळखता आलं नाही, त्यामुळे बसूकाकानं सगळी रीत चित्रावरूनच शिकायची ठरवली. "डोक्याला काहीतरी पाहिजेच," तो म्हणाला, "उगंच घालून बसला असंल का तो?" आमच्याकडे हॅट कुठली? त्यानं मला स्वतःची लाल रुमी टोपी घातली. वरून हसायला सांगितलं. अशा रीतीनं लाल टोपी, उघडं अंग, धोतर, पाठीवर झळझळीत पितळ, आणि डाव्या हातानं दांडा खालीवर करत, उजव्या हातात तोटी धरून, दात विचकत मी हरळीवर उतरलो. दांड्याचा आवाज खर्र-फुस्स, खर्र-फुस्स. वारा समोरून होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा हरळी कोरडी होती आणि मी ओला. फवारताना वाऱ्याला पाठ द्यावी हा धडा मी तिथं शिकलो.

सगळं गाव बांधावर बसलं होतं. हरळी मारायचं यंत्र आलंय अशी खबर वालूरच्या बाजारापर्यंत गेली होती.

"कवा मरायची ही?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मरायची न्हाई बाबा," बसूकाका म्हणाला, "वाढायची हाय."

म्हातारा शेजारच्याकडे वळून म्हणाला, "लगीन करून द्या त्याचं. लवकर."

पुढे आम्ही बरंच शिकलो. काकानं शेणाचं पाणी फवारायला लावलं आणि तोटी तुंबली. मग प्रत्येक गोष्ट धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळू लागलो. त्यानं गोमूत्र नुसतंच फवारायला लावलं आणि हरळीवर परातीएवढा पिवळा चट्टा पडला. मग त्यात पाणी घालू लागलो. काम झालं की पंप साध्या पाण्यानं चालवून धुवायचा, उलटा टांगायचा. आणि खरंच, हरळी फोफावली. हिरवीगार, दाट, उंदीरसुद्धा दिसणार नाही अशी. गावातल्या गायी बांधावर उभ्या राहून तिच्याकडे ज्या नजरेनं बघत, त्या नजरेनं बसूकाका तहसिलीच्या खुर्चीकडे बघत असावा.

याच सुमारास आत्याच्या बेलावर अळी पडली. त्याआधी पानांवर चिकट मावा होता, मग कोवळ्या शेंड्यांवर हिरव्या अळ्या. आत्या सकाळी पान तोडायला जाई तर धड पान मिळायला उशीर लागे, आणि जेवण उन्हं डोक्यावर येईपर्यंत लांबे. तिला बेलावर चढता येईना आणि ती दुसऱ्या कुणाला चढू देईना. शंकराच्या झाडाला पाय लावायचा नाही. काठीनं झोडपायचंही नाही. तेव्हा पंप. औषधावर आत्याच्या अटी होत्या. तंबाखूचा काढा नको, तंबाखू देवाला चालत नाही. साबण नको, त्यात चरबी असते. मग मायनं लिंबोळ्या कुटून भिजवल्या, रिठ्याचा फेस काढला, दोन्ही गाळून पंपात भरलं, आणि मी पानांच्या खालच्या बाजूनं, कारण अळी तिथंच दडते, शेंड्यापर्यंत बेल भिजवून काढला. दोन-चार दिवसांत अळ्या टपाटपा गळाल्या. आत्या खूश. भाकरीचे चार तुकडे करत तिनं काकाला म्हटलं, "बसू, जलमात एक तरी काम धडाचं केलंस बाबा."

काकानं आयुष्यात ऐकलेली ही पहिली शाबासकी. ती फार दिवस टिकली नाही.

पंप उन्हात टांगलेला राहिला होता आणि एके सकाळी तो फुस्सच म्हणेना. दांडा ढिला पडला, नुसता वरखाली होई. साहेबांचा दौरा जवळ आला होता. काकानं घाईघाईनं पंप ओट्यावर आणला, तळाची टोपी फिरवली आणि दट्ट्या बाहेर ओढला. दट्ट्याच्या टोकाला एक काळी, वाळून आकसलेली वाटी होती. आत्या तिथंच जवारी निवडत बसली होती.

"ते काय हाय?" तिनं विचारलं.

"काई न्हाई. वाटी हाय," काका म्हणाला.

"कशाची?"

काका खोटं बोलू शकला असता. पण तो पेशकार व्हायला निघालेला माणूस असूनही खोटं बोलायचं त्याला अजून जमत नव्हतं. त्यानं वाटी हातात फिरवली, वास घेतला, आणि अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

आत्यानं सूप खाली ठेवलं. "म्हंजे चांबड्यातलं पानी माझ्या बेलावर," ती शांतपणे म्हणाली, आणि उठून आत गेली. त्या दिवशी तिनं पान तोडलं नाही. पान नाही म्हणून पूजा अर्धी, आणि पूजा अर्धी म्हणून जेवण नाही.

अप्पांना वाटलं, दुपारपर्यंत समजूत पटेल. दुपारी ते तिच्यापुढे बसले. "आक्का, मोट कशाची असती? चांबड्याचीच ना? समदा मळा त्याच पान्यावर हाय. भाजी खातीस, जवारी खातीस."

"मोटंचं पानी मातीत जातं," आत्या म्हणाली. "माती समदं गिळती. माती देती ते चोख असतंय. हे तर थेट पानावर, वरून."

"मंग काय बेल मातीत पुरून परत काढू?"

"मला न्हाई ठावं. तुमी पंप आनला, तुमी बगा."

संध्याकाळी ती नुसत्या पाण्यावर राहिली, आणि दुसऱ्या दिवशीही. घरात चूल पेटायची, पण भाकरी थापल्याचा आवाज आला की माय स्वतःच ओशाळून हळू थापायची. आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून चोरासारखे जेवायचो. आत्या आमच्यावर चिडली नव्हती, हेच वाईट होतं. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसायची आणि बेलाकडे बघायची. तिचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

शेवटी गावच्या स्वामींना बोलावलं. स्वामी आले, पाय धुतले, आणि प्रथेप्रमाणे आधी जेवले. चांगले जेवले. पुरणाच्या पोळीवर दुसऱ्यांदा तूप घेऊन झाल्यावर त्यांनी निर्णय दिला की भस्माचं पाणी शिंपडलं की पान शुद्ध होतं, गंगाबाईंनी खुशाल जेवावं.

आत्यानं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "स्वामी, तुमचं पोट भरलंय, म्हनून तुमाला सुचायलाय."

स्वामी ढेकर देता देता थांबले. मग मात्र ते मनापासून विचार करू लागले. "मंग तुमचं म्हननं काय, गंगाबाई?"

"बेलाला आंघोळ घाला," आत्या म्हणाली. "शेंड्यापासनं बुडापातूर. चोख पान्यानं. तेवडंच."

ऐकायला सोपं. पण कळशीनं शेंड्यापर्यंत पाणी जाईना, झाडाला शिडी टेकवता येईना, आणि पावसाला दोन महिने अवकाश. शेंड्यापर्यंत पोचणारं एकच साधन होतं, ते म्हणजे तोच पंप. म्हणजे पंपानं बाटलेला बेल पंपानंच धुवायचा, आणि त्यासाठी पंपातली चामड्याची वाटी काढून दुसरी कशाची तरी घालायची. घरातली सगळी बुद्धी, म्हणजे फारशी नाही, या एका वाटीमागं लागली. अप्पांनी घोंगडीच्या तुकड्याची वाटी केली. ती पाणी प्यायली आणि फुगून अडकली. मायनं मेण लावलेल्या खादीची केली. ती दोन दट्ट्यांत चोळामोळा झाली. किसननं केळीच्या सोपटाची केली. तिनं छान आवाज काढला, पण पाणी मात्र झाकणातून माझ्या मानेवर. प्रत्येक प्रयोगाला पंप माझ्याच पाठीवर असे. त्या दोन दिवसांत बेलाला थेंब मिळाला नाही, मी मात्र पुष्कळ शुद्ध झालो.

मग रबराची गोष्ट निघाली. आत्यानं विचारलं, "रबर कशाचं असतंय?" मिडलच्या पुस्तकातली एकच गोष्ट माझ्या डोक्यात राहिली होती, ती तिथं कामाला आली. "झाडाचा चीक असतो, आत्या."

"रुईवानी?"

"रुईवानीच."

रुईचं फूल महादेवाला चालतं. आत्यानं मान हलवली. पण महायुद्धाचे दिवस, रबर सगळं फौजेला जाई, बाजारात मिळेना. कुणाच्या तरी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणून लावला, तो इतका पातळ की पंप नुसताच शिंकायचा. जाड पाहिजे होतं, आणि वाटीसारखं खोलगट पाहिजे होतं. असं रबर आमच्या गावात काय, वालूरलाही नव्हतं.

आणि या सगळ्यात साहेबांचा दौरा आला.

बसूकाकाचे ते दिवस मला आठवतात. सकाळी तो हरळीवर उभं राहून उर्दूतलं भाषण पाठ करायचा आणि मध्येच ओसरीकडे बघून एक वाक्य विसरायचा. परत सुरुवात, परत ओसरीकडे नजर. त्या सकाळी हरळीवर गादीच्या खुर्च्या मांडल्या. वालूरहून चिनी मातीचे पेले मागवले. आत्या ओसरीवर आडवी झाली होती, तिला आत न्यायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. मला बी साहेब बगायचाय."

मोटार आली ती धुळीच्या ढगात, आणि वेशीपासूनच ड्रायव्हर भोंगा दाबत. भों, भों. जुन्या पद्धतीची मोटार ती. खिडकीशेजारी पितळी कर्णा आणि त्याच्या टोकाला चांगल्या नारळाएवढा काळाभोर रबरी फुगा. साहेब उतरले. पोक्त, गोरे, अत्तराचा वास. हरळी बघून खरंच थबकले. वाकून त्यांनी तिच्यावर हात फिरवला, खुर्चीत बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की बांधावर बसलेल्या गावानं त्या दिवशी पहिल्यांदा हरळीकडे आदरानं पाहिलं.

"भई वाह," साहेब म्हणाले. "इस जंगल में ये हरियाली! बोलिए बसलिंगप्पा, आपके लिए हम क्या कर सकते हैं?"

हाच तो क्षण. याच्यासाठी मेथी उपटली होती. काका उभा राहिला, शेरवानी ओढली, सलाम केला. "हुजूर," त्यानं सुरुवात केली, "ये नाचीज..." आणि तो थांबला. मला वाटलं, भाषण विसरला. पण तो मोटारीकडे बघत होता. मग त्यानं ओसरीकडे पाहिलं. मग परत मोटारीकडे.

"हुजूर," काका म्हणाला, "भोंगा."

"क्या?"

"मोटर का भोंगा, हुजूर. उसका रबर."

गावात कुजबुज झाली. अप्पांनी डोळे मिटले. साहेबांच्या चपराशानं कानात बोट घालून कान साफ केला. साहेबांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, का? मग बसूकाकानं, ज्या उर्दूनं पेशकाराची खुर्ची मिळवायची होती त्या उर्दूत, बेल, अळी, चामडं, मोट, माती आणि रुईचा चीक, सगळं सांगितलं. शेवटी ओसरीकडे हात केला. "हमारी बड़ी बहन है, हुजूर. चार दिन से भूकी है."

साहेबांनी आत्याकडे पाहिलं. हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. "हमारी वालिदा भी ऐसी ही ज़िद्दी थीं," आईच्या आठवणीनं ते म्हणाले, आणि ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर रडकुंडीला आला. त्यानं फुगा असा उतरवला, जसं कुणी लेकराच्या हातातून खाऊ काढून घ्यावा. काकानं तो विळीवर मधोमध चिरला. अर्धा फुगा म्हणजे तयार वाटीच. दट्ट्यावर बसवला, कडा कातरल्या. कळशीनं शेंदलेलं चोख पाणी पंपात भरलं, पंप मी पाठीवर घेतला, आणि पहिल्याच दांड्याला फवारा बेलाच्या शेंड्याच्या वर गेला.

मी वाऱ्याला पाठ दिली. शेंडा धुतला, मग मधला घेर, मग पानांच्या खालची बाजू, मग खोड. पाणी पानापानावरून टपटपत खाली येत होतं आणि बेलाखाली जिल्ह्याचा मालक खुर्ची सरकवून शेरवानी भिजू नये म्हणून गुडघे जवळ घेऊन बसला होता. चहाची आठवण कुणालाच राहिली नव्हती. पुढे मोटार बिनभोंग्याची जिंतूरला गेली. वाटेत बैलगाड्या लागल्या की चपराशी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन "हटो! हटो!" ओरडे, असं नंतर कित्येक दिवस वाटेवरची माणसं सांगत.

मोटार गेली. माय आत्याला दंडाला धरून बेलापाशी घेऊन आली. आत्यानं ओलं पान तोडलं, निरखून पाहिलं, डोळ्याला लावलं, आणि पूजेला आत गेली. आम्ही सगळे ओसरीवर ताटकळत. घंटी वाजली. मग ती चुलीपुढं येऊन बसली. मायनं सकाळची भाकरी ताटात ठेवली, गार झालेली. आत्यानं तिचे चार तुकडे केले. दोन घास गेल्यावर तिला दारात उभा असलेला बसूकाका दिसला. शेरवानीवर रबराचा काळा डाग, मिशीवरचं तूप उतरलेलं.

"बसू," ती म्हणाली, "साहेबाला खुर्ची मागायची ऱ्हायली की रं."

"मागून झालं, आक्का."

"कवा?"

काकानं शेरवानीवरचा काळा डाग बोटानं चोळला. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या तुकड्याकडे. तिनं ताट थोडं पुढे सरकवलं.

"ये, बस," ती म्हणाली. "भाकर वाळलीय, पर बस."

काका शेरवानीसकट चुलीपुढं मांडी घालून बसला, आणि दोघं एकाच ताटात जेवायला लागली.